माणूस यायचंय

किस्से साठवायला कपाट लागत नाही, एक दार पुरतं. दार थोडं किलकिलं हवं, आतल्या बाजूला सुपात तूर निवडत बसलेली सून हवी आणि बाहेर ओट्यावर बापाला दिवसभराची हकिगत सांगणारा मुलगा हवा. आमच्या ब्राह्मणपुरीच्या घरात या तिन्ही गोष्टींची सोय आहे. त्यामुळे आठ महिन्यांत माझ्याकडे किस्सेही पुष्कळ साठले आणि तूरही कधी नव्हे इतकी निवडून झाली.

माझं माहेर धुळ्याचं. वैशाखात लग्न झालं. 'हे' शहाद्याच्या शाळेत मास्तर. सकाळी आठच्या सर्व्हिस मोटारीनं जातात, दिवेलागणीला परततात. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्यानं बायकोशी बोलायचं नाही ही इकडची रीत, आणि वडीलधारे नाहीत अशी जागा आमच्या घरात फक्त शेणकईचा खड्डा! दिवसाउजेडी यांच्या तोंडून माझ्या वाट्याला येणारे शब्द तीन. "पाणी", "टोपी" आणि "येतो".

मोटारीत मात्र हे हसतात म्हणे. खो खो हसतात! मी अजून ऐकलेलं नव्हतं. ऐकायचे ते उस्मानभाई ड्रायव्हर, झिपरू कंडक्टर, कोर्टात जाणारे दोन म्हातारे आणि नर्सबाई.

आता या नर्सबाईंचं सांगते. शहाद्याच्या दवाखान्यात नोकरी, राहायला आमच्याच गावात, चावडीमागच्या खोलीत आईबरोबर. मी त्यांना खिडकीतून पाहिलेलं, तेही पाठमोरं. उंच बांधा, पांढरं पाचवारी पातळ, मनगटाला घड्याळ. ओट्यावरच्या प्रत्येक किश्शात त्या यायच्याच. "मग नर्सबाई म्हणाल्या...", "तेवढ्यात नर्सबाईंनी काय केलं, आप्पा...". त्या नावासरशी माझ्या सुपातली तूर जरा जास्तच उंच उडायची.

*

लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून आमची मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. मागे एक भट्टी लावली आहे. भट्टी पेटवायची, फुंकायची, तासभर वाट पाहायची, मग मोटार एक खोकला काढते आणि निघते. नाल्याच्या चढावर तिचा दम संपतो, तिथं सगळ्यांनी उतरून ढकलायचं. हे रोज घरी येतात ते काजळी लावल्यासारखे. सदरा काळा, टोपी काळी, कानांच्या पाळ्यासुद्धा काळ्या! तो सदरा रोज मी धुते.

एकदा ओट्यावर हे आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कौतुकानं सांगत होते, "सगळे काळे होतात आप्पा, पण नर्सबाईंचं पातळ मात्र बगळ्यासारखं! त्या पुढं ड्रायव्हरशेजारी बसतात ना."

त्या दिवशी मी सदरा जरा जोरात आपटला. खांद्यावर फाटला. सासूबाईंना आम्ही जिजी म्हणतो. जिजी म्हणाल्या, "कापडच आते पहिलासारखं नही ऱ्हायनं."

मी मान हलवली.

*

दुसरा किस्सा डब्याचा. हा माझ्यामुळेच घडला, पण ते अजून कोणाला ठाऊक नाही.

यांनी ओट्यावर सांगितलं, "आज मोटार वाटेत बंद पडली. डबा तिथंच उघडला. नर्सबाईंनी चतकोर भाकरी खाल्ली. ठेचा चांगला आहे म्हणाल्या, पण तिखट कमी आहे!"

तिखट कमी! माझ्या हातचा ठेचा, यांच्यासाठी केलेला, आणि परीक्षा घ्यायला नर्सबाई!

दुसऱ्या दिवशी पाट्यावर मी नेहमीच्या दुप्पट मिरच्या घेतल्या. मग थोडा विचार करून तेवढ्याच आणखी घेतल्या. दिवसभर शहाद्याच्या दिशेला कान लावून बसले.

संध्याकाळी ओट्यावर हकिगत आली. नर्सबाई त्या दिवशी कोणाच्या तरी बाळंतपणाला गेल्या होत्या, मोटारीत आल्याच नाहीत. यांनी डबा उस्मानभाईंना दिला. उस्मानभाईंनी एक घास खाल्ला, मोटार थांबवली, खाली उतरले, नाल्यावर जाऊन पाणी प्यायले आणि परत येऊन एवढंच म्हणाले, "मास्टरसाब, भट्टी में कोयला क्यों डालते हैं हम? भाभी का ठेचा डालेंगे!"

*

आणि मग पौषातल्या एका सकाळी संप झाला.

कारण भट्टीच. आजवर ती पेटवायला एक क्लीनर होता. मोटारवाल्या शेठनं त्याला काढलं आणि ड्रायव्हर-कंडक्टरना हुकूम दिला की पहाटे चारला उठून भट्टी तुम्हीच पेटवा. थंडीत! "हम गाडी चलानेवाले हैं, चूल्हा फूंकनेवाले नहीं," असं म्हणून रस्त्यारस्त्यावरच्या मोटारी जागच्या जागी उभ्या राहिल्या. आमची मोटार रात्री गावातच मुक्कामाला असते, चावडीपुढच्या निंबाखाली. त्या दिवशी ती तिथंच गार पडून होती.

आमच्या खिडकीतून निंब दिसतो. आठाला मी सवयीनं खिडकीशी गेले, तर काय! मोटार बंद, भट्टी गार, आणि सगळी मंडळी आपापल्या सीटवर बसलेली! नर्सबाई पुढं. दोन म्हातारे दोन बाजूंना. हे मधल्या बाकावर. यांच्या शेजारी कोण आहे ते मात्र मोटारीच्या खांबामुळे दिसेना. तेच तर मला पाहायचं होतं! एकदा तांब्या देताना मी धीर करून विचारलंही होतं, "मोटारीत तुमच्या शेजारी कोण बसतं?" तर हे म्हणाले, "कोणी नाही." एवढी गच्च भरलेली मोटार, आणि शेजारी कोणी नाही म्हणे!

म्हाताऱ्यांपैकी उखा पाटलांनी विचारलं, "झिपरू, कव्हय निंघस रे मोटर?"

"नही निंघाव आबा. संप शे."

"बरं, बरं." थोड्या वेळानं, "पन निंघस कव्हय?"

नर्सबाईंनी घड्याळ पाहिलं. "आठ वीस. आता सुटायला हवी."

उस्मानभाई बाहेर पारावर विडी ओढत होते. त्यांनी हात जोडले. "बैठिए, बैठिए. बैठने पे संप नहीं है, चलाने पे है!"

तासभर बसले सगळे! दुसरे म्हातारे धना पाटील, त्यांना कोणीतरी खाली बोलावलं, तर म्हणाले, "मी जागा सोडी, आनि मोटर सुरू व्हई गई त?"

*

उखा पाटील आणि धना पाटील चुलतभाऊ. दोघांच्या शेताच्या मधोमध एक बांध, आणि त्या बांधावर दोघांचा दावा. दावा चालू झाला तेव्हा दोघांच्या मिशा काळ्या होत्या असं आप्पा सांगतात. तारखेला दोघं एकाच मोटारीनं जातात, वाटभर भांडतात, कोर्टात गप्प बसतात आणि येताना पुन्हा भांडतात.

संपाच्या दिवशी नेमकी तारीख होती. जो पोहोचणार नाही त्याच्या विरुद्ध निकाल. उखा पाटलांकडे घोडी आहे, धना पाटलांकडे काही नाही. अखेर उखा पाटील मोटारीतून उतरले, घरी गेले, घोडीवर खोगीर चढवलं आणि वेशीपर्यंत गेलेसुद्धा. धना पाटलांचा चेहरा पडला.

थोड्या वेळानं पाहते तो उखा पाटील परत! घोडी बांधून पुन्हा आपल्या सीटवर येऊन बसले.

"काय व्हयनं उखाभाऊ?" आप्पांनी विचारलं.

"एकला जाईसनी काय करू? रस्तामा भांडाले कोन शे?"

*

शेवटी आप्पांनीच तोड काढली. "मन्हं कापूसनं गाडं रिकामं शे. बठा सगळा." यांच्या शाळेत त्या दिवशी इन्स्पेक्शन, दिपोटीसाहेब यायचे होते. नर्सबाईंची ड्युटी. म्हाताऱ्यांची तारीख. उस्मानभाई आणि झिपरूला शहाद्यात संपवाल्यांच्या सभेला जायचं होतं, आणि संप त्यांचाच असल्यामुळे त्यांनाही मोटार नव्हती!

सालदार फुलसिंगनं बैल जुंपले. तो सातपुड्यातल्या पाड्यावरचा, बोलणं फार कमी. एवढ्यात जिजी दारात आल्या, नर्सबाईंकडे पाहिलं आणि मागे वळून मला म्हणाल्या, "एकली बाईमानूस इतला गडीसमा जाई ऱ्हायनी, बरं नही दिखत. व्हऊ, तू जाय तिन्हासंगे. शहादाले आत्याकडे थांब, संध्याकायले ये."

ऐका! ज्या बाईवर नजर ठेवायला मी आठ महिने खिडकी झिजवली, तिची सोबत करायला खुद्द सासूनं मला पाठवलं! मी नवं लुगडं नेसले. काजळही घातलं. पाठमोरं कोणी पाहिलं तर दिसणार नाही, तरी घातलं.

गाड्याजवळ गेले तर आत मोटारीतलीच मांडामांड! उखा पाटील डाव्या फळीला, धना पाटील उजव्या फळीला, मधे जायला-यायला वाट सोडलेली. हे बरोबर मध्यावर. नर्सबाई सवयीनं पुढं चढल्या. उस्मानभाई सवयीनं उजवीकडे जाऊन बसायला गेले, तर तिथं फुलसिंग! दोघं एकमेकांकडे बघत राहिले. झिपरू जागा असूनही मागच्या फळीवर उभा.

"बाया मांगे!" जिजी ओरडल्या. नर्सबाई मुकाट्यानं मागे आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. मी पदर पुढे ओढला आणि पदराच्या आडून पहिल्यांदा नीट पाहिलं, यांच्या शेजारी कोण आहे ते.

पिशवी होती.

यांची वह्यांची खाकी पिशवी. इतक्या दाटीवाटीत ती ऐसपैस बसली होती, आणि लग्नाची बायको मागे पेंडीच्या पोत्याला टेकून!

झिपरूनं फळीवर दोनदा थाप मारली. "चलाऽऽ!" बैलांनी दचकून पाय उचलले.

*

उस्मानभाईंना दुसऱ्यानं हाकलेलं पाहवेना. "राइट में ले! राइट! ब्रेक मार!" फुलसिंग आपला कासरा धरून. वळण आलं तेव्हा उस्मानभाईंचा हात आपोआप हॉर्नकडे गेला. गाड्याला हॉर्न कुठला? मग त्यांनी तोंडानंच वाजवला. "पोंऽ पोंऽ!" पुढे प्रत्येक वळणावर.

नाला आला. चढ लागला. आणि कोणी काही न सांगता हे, उखा पाटील, धना पाटील, झिपरू, सगळे टुणकन खाली उतरले, मागे गेले आणि "हां, जोर लगाके!" करत गाडं ढकलू लागले! नर्सबाईंनीही पातळ खोचलं. उस्मानभाई तेवढे वर बसून, ड्रायव्हर कधी उतरत नाही म्हणून, मागे वळून ओरडत होते, "और जोर से!"

बैल थांबले. दोघांनीही माना वळवून मागे पाहिलं.

फुलसिंगनं त्या सबंध वाटेवर तोंड उघडलं ते एकदाच. "मास्तर, गाडाले बैल जुपेल शेतस!"

*

नाल्यानंतर मी कान टवकारून बसले. आता हे हसतील, नर्सबाई काहीतरी म्हणतील, मग हे खो खो... कसलं काय! समोर दोन म्हातारे, मागे मी. हे बैलांच्या शिंगांकडे पाहत गप्प.

"मास्तर, आज तोंडमा काय धरेल शे?" उखा पाटलांनी विचारलं.

नर्सबाई माझ्याकडे झुकल्या. जवळून त्यांना औषधाचा वास येत होता, आणि पायाला फोड आलेले दिसत होते. "वहिनी, एरवी इतकं बोलतात! आज काय झालंय?"

'एरवी' हा शब्द मला मिरचीसारखा लागला.

"आणि तुमच्या मास्तरांना एक सांगा हो," त्या पुढे म्हणाल्या. "ती पिशवी! आधी मीच बसत होते तिथं. जूनमध्ये शाळा उघडली आणि एकदम शेजारच्या सीटवर पिशवी. उचला म्हटलं, तर म्हणे, 'माणूस यायचंय.' कोण माणूस म्हटलं, तर नुसते हसतात! मला पाठवलं पुढं इंजिनापाशी. हे बघा पाय कसे भाजलेत."

मी पायांकडे पाहिलं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. आधी डोक्यात एकच. माणूस! कोण माणूस? आठ महिने मी ज्यांच्यावर जळले त्या तर इंजिनापाशी भाजत होत्या. मग शेजारची ती जागा कोणाची? कुठल्या गावाला चढणार होतं ते माणूस?

"आलं का कधी?" मी विचारलं. परक्या माणसाशी माझा त्या दिवसातला हा पहिला शब्द.

"कुठलं येतंय! सहा-सात महिने झाले."

पुढच्या गावाच्या फाट्यावर एक जाडजूड बाई दोन कोंबड्या घेऊन उभी होती. झिपरूनं सवयीनं गाडं थांबवलं, तिला चढवलं आणि म्हणाला, "मास्तर, उचला ती पिशवी."

हे बैलांकडे पाहतच म्हणाले, "माणूस यायचंय."

माझ्यादेखत!

बाई मागे आमच्यात येऊन बसली. कोंबड्या माझ्या मांडीवर. शहादा येईपर्यंत मी एकीची मान अशी धरून बसले होते की नर्सबाईंनी हळूच माझी बोटं सोडवली.

*

शहाद्याला पोहोचलो. सगळे वेळेवर! हे धावत शाळेत, म्हातारे धावत कोर्टात.

दिपोटीसाहेब आलेच नाहीत. तेही नंदुरबारच्या स्टँडवर बंद मोटारीत बसून राहिले होते म्हणे, चार वाजेपर्यंत! आणि कोर्टाचे साहेब गेले होते धुळ्याला, ते तिकडेच अडकले. तारीख पुढे गेली.

उखा पाटील धना पाटलांना म्हणाले, "तुन्हा नशीबमा शे रे, आखो चार वरीस!"

धना पाटील म्हणाले, "तुन्हाबी!" आणि दोघांनी मिळून चहा घेतला.

*

मी दिवसभर आत्याबाईंकडे बसले. त्यांनी विचारलं, सासर कसं आहे? मी म्हटलं, चांगलं आहे. त्यांनी विचारलं, मग डोळे का असे? मी म्हटलं, वाटेत धूळ होती.

उन्हं कलली तशी सगळे गाड्यापाशी जमलो, तिथं सभेची बातमी आली. शेठ नमला! क्लीनर परत कामावर. उद्या आठला मोटार सुटणार. सगळ्यांनी झिपरूच्या पाठीत थापा मारल्या. नर्सबाई म्हणाल्या, "सुटलो बाई!" मीही सर्वांसारखं तोंड केलं. उद्यापासून हे मोटारीत आणि मी दाराच्या आत, सुपापाशी. आणि ते माणूस कधीतरी कुठल्यातरी फाट्यावर चढणार, ओट्यावर त्याचाही किस्सा येणार, आणि मी तो तूर निवडत ऐकणार.

जिजींसाठी टाके घालायचा दोरा आणायचा होता, तो घेऊन मी गाड्यापाशी परत आले ती सगळ्यांच्या मागून. सगळे आपापल्या जागी. मागे नर्सबाई, पण त्यांच्या शेजारी त्यांची औषधांची पेटी, पेटीवर गाठोडं, आणि भाजलेले पाय लांब पसरलेले.

"वहिनी, पाय दुखतायत हो. मला आता आवरता येत नाहीत." त्या दुसरीकडे तोंड करून म्हणाल्या.

मी चाकापाशी उभी. बसायला जागाच नाही. फुलसिंगनं कासरा धरलेला, बैल खुरांनी माती उकरतायत.

झिपरूनं फळीवर थाप मारायला उचललेला हात तसाच ठेवला. "मास्तर," तो म्हणाला, "पिशवी उचला."

मी वाट पाहिली. तेच दोन शब्द येणार म्हणून पदर घट्ट धरला.

यांनी पिशवी उचलली. मग खिशातला रुमाल काढला, ती जागा पुसली, पुन्हा एकदा पुसली, आणि सरकून बसले.

मी चढले. बसले. मग उखा पाटलांनी घसा खाकरला.

"उनं का मास्तर, तुमनं मानूस?"

"उनं दिखस!" धना पाटील म्हणाले. बांधाचा दावा लागल्यापासून त्या दोघांचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं: माणूस आलं!

आणि हे हसले. खो खो!

पिशवी मात्र त्यांनी मांडीवर घेतली होती. माझ्या ते ध्यानात आहे.

झिपरूनं थाप मारली. पुढे सरळ रस्ता होता, वळण नव्हतं, चिटपाखरू नव्हतं. उस्मानभाईंनी तरीही हॉर्न वाजवला.

"पोंऽऽ पोंऽऽ!"